अंकलिपीतले घर कोणाचे?

अंकलिपीत 'घ' या अक्षरापुढे बहुधा घराचे चित्र असते. उतरते कौलारू छप्पर, दोन खिडक्या, दारापुढे तुळशीवृंदावन. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या अशाच चित्रावरून ते अक्षर शिकल्या आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. परंतु जे मूल पालात जन्मले आणि या गावाहून त्या गावाला हिंडत वाढले, त्याला हे चित्र एका वेळी दोन पाठ देते. पहिला अक्षराचा. दुसरा असा की, पुस्तक ज्याला घर म्हणते ते आपल्याजवळ नाही. पहिला पाठ ते मूल कदाचित विसरेल. दुसरा सहसा विसरत नाही.

निर्वासितांच्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत आणि त्यांत कोणती चित्रे असावीत, याची चर्चा जगात अनेक वर्षे चालू आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या बाविसाव्या कलमाने प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना त्या त्या देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक मिळावी, असे ठरवले. भारताने या करारावर सही केलेली नाही. ते काहीही असो. शाळेत प्रवेश मिळणे आणि पुस्तकात प्रवेश मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीचा विचार करण्यासाठी परदेशातील छावण्यांपर्यंत जाण्याचे कारण नाही. सोलापूर शहर त्याला पुरेसे आहे.

तारेच्या आतले

सोलापूर हे बाहेरून येणाऱ्यांना सामावून घेणारे शहर आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे माग उभारले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथील बाजारपेठेत कानी पडतात. या मंडळींच्या भाषांना लिपी होती, ग्रंथसंपदा होती. म्हणून त्यांना त्यांच्या माध्यमाच्या शाळा मिळाल्या आणि पाठ्यपुस्तकेही मिळाली.

पण याच शहरात आणखी एक वस्ती आहे. तिला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे ज्यांना जन्मतःच गुन्हेगार मानले गेले, त्या पारधी, कैकाडी, टकारी, भामटा आदी जमातींची कुटुंबे ब्रिटिश अमदानीत येथे तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आली. हजेरी चुकवता येत नसे, परवान्यावाचून बाहेर पडता येत नसे. मोठी माणसे गिरण्यांत राबत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

कायद्याच्या परिभाषेत ही माणसे निर्वासित नव्हेत. त्यांनी कोणत्याही देशाची सरहद्द ओलांडलेली नाही. तथापि वाटा बंद झाल्या, धंदे गेले, वर कपाळी शिक्का बसला. निर्वासिताच्या दुःखात याहून वेगळे काय असते? त्यांच्या भाषाही परक्याच ठरल्या. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची, वडारी तेलुगूच्या जवळची, तर कैकाडी तमिळशी नाते सांगणारी. यांपैकी एखादे मूल मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात मुकाट बसून राहते, तेव्हा गुरुजींना ते मंदबुद्धीचे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः ते परभाषेत बसलेले असते.

चित्र निष्पाप नसते

अशा मुलांसाठी पुस्तकात चित्रे वाढवली की काम भागले, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. चित्राला भाषा लागत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण १९७० च्या दशकात युनिसेफच्या वतीने नेपाळमधील खेड्यांत जी पाहणी झाली, तिने या समजुतीला धक्का दिला. ज्यांचा छापील चित्रांशी फारसा संबंध आलेला नव्हता, त्या ग्रामस्थांना चित्रातली वस्तू ओळखणे आणि त्या चित्रातून काही सांगायचे आहे हे समजणे, या दोन्ही गोष्टी वाटल्या तितक्या सोप्या नव्हत्या. चित्र वाचणे हीदेखील शिकण्याचीच कला आहे.

दुसरा दाखला अधिक दारुण आहे. १९८० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या पैशाने आणि नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा येथील केंद्राच्या साह्याने अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार झाली. पाकिस्तानातील निर्वासित छावण्यांतही ती वाटली गेली. त्यांत बंदुका, गोळ्या आणि रणगाडे यांची चित्रे होती. अंकगणितही त्यांच्याच आधारे शिकवले होते. पुस्तके मुलांच्या भाषेत होती, त्यांच्या धर्मश्रद्धांना धरूनही होती. वरवर पाहता त्यांच्या संस्कृतीची बूज राखलेली दिसावी, अशीच ती होती. पण ती मुलांच्या हितासाठी नव्हती, युद्धाच्या सोयीसाठी होती. सांस्कृतिक भान या शब्दाची कसोटी येथे लागते. मुलाच्या ओळखीचे चित्र काढणे पुरेसे नाही. ते कोणाच्या कामासाठी काढले, हेही विचारले पाहिजे.

कोणी ठरवायचे?

हाच प्रश्न आपल्याकडे दुसऱ्या रूपाने उभा राहतो. एखाद्या सद्हेतूच्या चित्रकाराने पारध्याचे चित्र काढायचे ठरवले, तर त्याच्या हाती तो फासे आणि तितर देईल. पारधी आईबापांना ते आवडेलच असे नाही. ज्या ओळखीपायी पोलिसांचा ससेमिरा सोसला, तीच लेकराच्या पुस्तकात पुन्हा का, असे ते विचारतील. उलट ते सर्वस्वी वगळले, तर रानातील पाखरांचे, झाडपाल्याचे आणि ऋतूंचे जे ज्ञान त्या समाजाने जपले, तेही पुसले जाईल. याचा निवाडा पुण्यामुंबईत बसून होणार नाही.

समाजाला विचारले म्हणजे एकच उत्तर मिळेल, असेही नाही. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावण्यांत आलेल्या सिंधी बांधवांपुढे मुलांना सिंधी कोणत्या लिपीत शिकवावे हा प्रश्न होता. देवनागरीचा आग्रह धरणारे होते, तसे पूर्वापार चालत आलेल्या अरबी लिपीवाचून आपले साहित्य मुलांना पारखे होईल असे म्हणणारेही होते. अखेर दोन्ही लिप्या राहिल्या. वादाला वेळ लागला हे खरे. पण तो वाद त्यांचा होता, म्हणून निर्णयही त्यांचा झाला.

वाटा दाखवून ठेवल्या आहेत

महाराष्ट्राला या कामात सुरुवातीपासून आरंभ करायचा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच शैक्षणिक साधने केले. सोलापूर जिल्ह्यातच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांचे जे कार्य नमूद झाले, त्यात मुलांच्या मातृभाषेत पुस्तके नेणे आणि पानावरच्या क्यूआर कोडमधून कविता व पाठ ऐकवण्याची सोय करणे यांचा समावेश होता. ज्या बोलीला लिपी नाही तिला आवाज तर आहे. तो पुस्तकाच्या पानाला जोडता येतो, हा त्यातला धडा आहे.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात, असे घटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. १९६७ मध्ये स्थापन झालेली 'बालभारती' मराठीखेरीज उर्दू, कन्नड, तेलुगू, सिंधी इत्यादी भाषांतूनही पुस्तके काढते. एवढा व्याप सांभाळणाऱ्या राज्याला पारधी किंवा कैकाडी बोलीची, देवनागरीत छापलेली पहिली दोन वर्षे पुरेल अशी सचित्र पूरक पुस्तिका अशक्य नाही. मजकूर वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून घ्यावा, चित्रे छपाईपूर्वी मुलांना दाखवावीत, ती काय ओळखतात ते पाहून दुरुस्त करावीत. यास पैशापेक्षा सवड आणि नम्रता अधिक लागेल.

मात्र एक सावधगिरी अगत्याची आहे. विमुक्तांच्या मुलांना त्यांचे वेगळे पुस्तक देऊन बाकीच्यांचे पुस्तक जसेच्या तसे ठेवले, तर ते नवे कुंपणच ठरेल. घरची बोली पूरक पुस्तिकेत असावी. पण पाल, झोपडी, चाळ आणि वाडा यांची चित्रे सर्वांच्या एकाच क्रमिक पुस्तकात शेजारी शेजारी असली पाहिजेत. कारण पालातल्या मुलाला चोर म्हणून हिणवणारे मूलही त्याच बाकावर बसलेले असते. ते कोठून शिकून आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला दुसरे काही शिकवण्याची संधी पुस्तकाच्या त्या पानावर आहे, आणि ती दवडली तर पुढे कोणत्याही कायद्याने भरून निघणार नाही.