रिकाम्या बाटलीची फुलदाणी : मूल्यवृद्धी आणि हंगामाचे गणित

घनकचऱ्यात काचेचे स्थान काहीसे विचित्र आहे. ती कुजत नाही, गंजत नाही आणि गुणवत्ता न गमावता पुनःपुन्हा वितळविता येते. तरीही भंगाराच्या बाजारात तांबे, लोखंड किंवा पुठ्ठा यांच्या तुलनेत तिला भाव फारच कमी मिळतो. वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी हा काचेचा मूळ कच्चा माल तुलनेने स्वस्त आहे, तर बाटली जड, ठिसूळ आणि जागा अडविणारी असते. वाहतुकीचा खर्चच तिची किंमत गिळून टाकतो. म्हणूनच टाकाऊ बाटल्यांपासून सणासुदीच्या फुलदाण्या तयार करणे हा केवळ हस्तकलेचा विषय राहत नाही. किलोवर विकली जाणारी वस्तू नगावर विकली जाऊ लागते, हा त्यातील खरा आर्थिक बदल होय.

फुलदाणी दोन मार्गांनी तयार होते आणि दोन्हींचे अर्थकारण वेगळे आहे. पहिला मार्ग भट्टीचा. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर दिवे, झुंबरे व फुलदाण्यांसाठीही ओळखले जाते. तेथे काचभंगार कच्च्या मालात मिसळून वितळवितात आणि कारागीर फुंकनळीच्या टोकावरील तप्त गोळ्याला आकार देतात. भंगाराचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की भट्टीला लागणारी ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी घटते. शिवाय सोडा अ‍ॅश व चुनखडी तापल्यावर बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइडही तेवढ्या प्रमाणात टळतो. मात्र रंगांची वर्गवारी अनिवार्य ठरते. तपकिरी बाटलीचा रंग वितळवून निघत नाही. उष्णतारोधक काचेचा किंवा चिनीमातीचा एखादा तुकडाही घाणात दोष निर्माण करतो. ही वर्गवारी प्रायः हातांनीच होते आणि हात कापण्याचा धोका वेचकांच्याच वाट्याला येतो.

भट्टीची खरी अडचण हंगामाची आहे. फुलदाण्यांची मागणी दिवाळी, नाताळ आणि लग्नसराई यांभोवती एकवटते. टाकी-भट्टी मात्र रात्रंदिवस तापती ठेवावी लागते. ती विझवून पुन्हा पेटविणे खर्चिक असते, भट्टीच्या अस्तरालाही त्यामुळे इजा पोहोचते. फिरोजाबाद ताजमहालाभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० डिसेंबर १९९६ च्या निकालानंतर या पट्ट्यातील कोळशावरील उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. हवेच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. पण मागणी असो वा नसो, वायूचे देयक भरावेच लागते. अर्थशास्त्रात ज्याला स्थिर खर्च म्हणतात, त्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा मार्ग बाटली न वितळविता तिलाच नवे रूप देण्याचा. लेबल निघावे म्हणून बाटली धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात भिजवितात. काचकापणीच्या चाकाने मानेखाली एक अखंड रेघ ओढून तिच्यावर आळीपाळीने गरम व थंड पाणी सोडले की असमान प्रसरणामुळे काच त्या रेघेवर विलग होते. धारदार कड ओल्या पॉलिश कागदाने घासावी लागते. कोरडी घासल्यास काचेची भुकटी श्वासावाटे शरीरात जाते, म्हणून पाणी, चष्मा व हातमोजे यांत काटकसर चालत नाही. त्यानंतर रंगकाम, सुतळीचे वेढे, दिवाळीत सोनेरी नक्षी, हिवाळ्यात सुकलेली फुले व गवताचे तुरे. येथे भट्टी नाही, भांडवल अल्प आहे आणि मागणी ओसरली तर काम थांबविता येते. बचत गटांना हा मार्ग सोयीचा वाटतो तो यामुळेच.

तथापि याची मर्यादा स्पष्ट आहे. एखाद्या गटाने हंगामात काही हजार फुलदाण्या विकल्या, तरी एका मध्यम शहराच्या काचकचऱ्यात त्यामुळे नगण्य घट होईल. मूल्य वाढते, परिमाण नाही. वाढलेल्या मूल्यातही रंगकाम करणारा व विक्रेता यांचाच वाटा प्रामुख्याने असतो; बाटली वेचणाऱ्याला पूर्वीइतकाच, किलोचा भाव मिळतो. गटाने वेचकांकडून अखंड बाटली नगावर विकत घेतली तरच हे चित्र बदलते. अखंड बाटलीचा सर्वांत किफायतशीर उपयोग मात्र ती धुऊन पुन्हा भरणे हाच आहे. त्यात वितळविण्याची ऊर्जाही लागत नाही.

बाटली अखंड परत यावी यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीवर १० रुपये अनामत आकारून रिकामी बाटली परत केल्यावर ती रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. डोंगराळ जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी वन्यप्राणी जखमी होत होते, ही त्यामागची पार्श्वभूमी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच व धातूच्या वेष्टनांसाठी उत्पादकांची जबाबदारी निश्चित करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. अनामतीमुळे रिकाम्या बाटलीला नगाचा भाव मिळतो, आणि तो फुलदाणी होण्यापूर्वीच, ती उचलणाऱ्याच्या हातात पडतो.