दीक्षाभूमीनंतर कामठी आणि चिचोलीही पाहा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला यवतमाळ, दारव्हा, पुसदहून निघालेल्या आपल्या गाड्या दीक्षाभूमीवर वंदन करतात, पुस्तके घेतात आणि रातोरात परततात. बाकीचे नागपूर पाहायचे राहून जाते.

कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभे राहिले. तथागतांची चंदनी मूर्ती आणि भोवतालची बाग पाहायला लोक जातात, फोटो काढतात. छानच आहे ते. पण एकच जागा पाहण्याइतका वेळ असेल, तर मी चिचोलीला जा म्हणेन.

तिथे वामनराव गोडबोले यांनी उभ्या केलेल्या शांतिवनात बाबासाहेबांचा कोट, टोपी, टाइपरायटर अशा वापरातल्या वस्तू आल्या. त्या जपून ठेवल्या आणि सोपवल्या त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी. जुने कापड ओल, कसर आणि उजेडाने विरत जाते. त्यावर वेळोवेळी शास्त्रीय प्रक्रिया करावी लागते. पुतळा नवा घडवता येतो, अंगावरचा कोट नाही. म्हणून फ्लॅश मारू नका, काचेला टेकू नका.

गर्दीचे दिवस सोडून जा. संग्रहालय उघडे आहे का, याची निघण्याआधी फोनवर चौकशी करा. लहान भावंडांनाही सोबत न्या.