भाडे जुने, इमारत जुनी, दुरुस्ती कोणाची?

हरिहरेश्वर ते श्रीवर्धन या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने चालत आलेली नाक्यावरची कौलारू दुकाने आजही दिसतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि घरादुकानांची कौले, पत्रे उडाले. अशा वेळी दुकानदारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो खर्च कोणी करायचा? मालकाने की भाडेकरूने?

हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला तर काय होते, हे मुंबईच्या एका प्रसिद्ध इमारतीवरून कळते. आपल्या भागातील अनेक कुटुंबांची रोजीरोटी मुंबईतील पागडीच्या गाळ्यांवर चालत आली असल्याने तिची हकीकत व्यापारी बंधूंनी जरूर वाचावी.

काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने इंग्लंडमध्ये ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून 1867 ते 1869 या काळात ही इमारत उभी केली. 7 जुलै 1896 रोजी हिंदुस्थानातील पहिला चित्रपट येथेच दाखवला गेला. पुढे 1960 च्या दशकात हॉटेल बंद झाले. खोल्यांचे लहान लहान गाळे पडले आणि ते भाड्याने गेले. जवळच न्यायालय असल्याने वकिलांची कार्यालये आली, तळमजल्यावर दुकाने थाटली गेली.

इकडे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती. त्यामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु एवढ्याशा भाड्यात मालक दुरुस्ती करीनात आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरूही पैसा घालीनात. 2005 साली इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा बळी गेला. अखेर 2019 मध्ये इमारत धोकादायक ठरून रिकामी करण्यात आली. वारसा इमारत म्हणून तिची नोंद होती, पण त्या नोंदीने ना भिंती सावरल्या, ना कोणाचा धंदा वाचला.

31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 अमलात आहे. तो लागू असलेल्या भागात जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. महिना 200 रुपये भाडे असेल तर वर्षाचे 2400 होतात आणि कापता येतात फक्त 600. एवढ्यात छपराचे वासेही येणार नाहीत!

म्हणून केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. मालकाशी बसून खर्चाचा वाटा ठरवावा व तो कागदावर आणावा. भाड्याची पावती दरमहा घ्यावी, जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात. लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नये. मालकानेही भाडे घेताना छपराकडे पाहावे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. दुसऱ्याची जागा ही तर आपल्या हाती असलेली अमानत. तिचा व्यवहार तोंडी का ठेवावा? पावसाळ्याआधी एकदा छपरावर नजर टाकावी आणि मालकाची गाठ घ्यावी.