स्वयंपाकाचा ओनामा

पांडवांच्या अज्ञातवासात भीमाने विराट राजाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन वर्ष काढले. बाहुकाच्या वेषातील नळराजाला ओळखण्यास त्याच्या हातचे अन्न ही दमयंतीला एक मोठी खूण ठरली. अशा कथा आपण आवडीने ऐकतो. पण घरातील मुलाने हाती पळी घेतली की हसतो. स्वयंपाक हे मुलींचे काम, आणि त्यांना ते आपोआपच येते, अशी समजूत अजूनही पुष्कळ घरांत आहे. ही समजूत दोन्ही अंगांनी खोटी आहे. भूक मुलगा-मुलगी हा भेद जाणत नाही. आणि शिकल्यावाचून पोळी कोणालाही येत नाही.

देपालपूरसारख्या गावी तर या विद्येची गरज विशेष आहे. येथील अनेक विद्यार्थ्यांना पुढील शिक्षणासाठी इंदूरला खोली घेऊन राहावे लागते. तेथे रोज बाहेरचे खाणे खिशाला परवडत नाही आणि प्रकृतीलाही मानवत नाही. घरीसुद्धा आईला ताप आला म्हणजे तिला पेज करून देणारे कोणी नसते. मग ती तापातच चुलीपुढे उभी राहते. मोठमोठ्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या घरी असे घडावे, ही गोष्ट आम्हाला शिक्षणातील मोठी उणीव वाटते.

शिकू इच्छिणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती एका शब्दाची. मीठ किती? ‘अंदाजाने.’ पाणी किती? ‘अंदाजाने.’ वडील माणसांचे हे उत्तर खरे असते, पण नवशिक्याच्या उपयोगाचे नसते. अंदाज ही काही जन्मजात देणगी नव्हे. हजार वेळा घेतलेले माप हातात मुरले की त्यालाच अंदाज म्हणतात. म्हणून ज्याला अंदाज हवा त्याने आरंभ मापाने करावा.

मराठीतील पाकशास्त्राच्या पुस्तकांचा प्रवास पाहिला तरी हेच दिसते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये एक हजार पाकक्रिया दिल्या. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. त्यातील वाटी-चमच्याचे माप कोणत्याही घरात सापडणारे होते. त्यामुळे आजी-मावशींपासून दूर राहणाऱ्या असंख्य नवशिक्यांना ते जणू घरचे वडील माणूसच वाटले. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशा पुस्तकांचे मोल सांगावयास नको.

आता आपण तीन साध्या पदार्थांवरून हे शास्त्र समजून घेऊ.

पहिला पदार्थ वरण-भात. दोघांसाठी १ वाटी तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन त्यात २ वाट्या पाणी घालावे. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडे अधिक लागते. अर्धी वाटी तुरीची डाळ धुऊन तिला दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि थेंबभर तेल घालावे. डाळ अर्धा तास भिजवली तर लवकर शिजते. समुद्रकाठी पाणी १०० अंशांवर उकळते. माळव्याचे पठार ५०० मीटरांहून उंच असल्यामुळे आपल्याकडे ते सुमारे ९८ अंशांवरच उकळू लागते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो, त्यामुळे उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि डाळ लवकर मऊ होते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर त्यातील चुन्याच्या अंशामुळे डाळीचे दाणे लवकर फुटत नाहीत. चिंच अथवा आमसूल यांची आंबटाईही डाळीला टणक ठेवते. म्हणून आमटीत आंबट घालावयाचे ते डाळ पूर्ण शिजल्यावरच. शिजलेली डाळ घोटून तीत मीठ, हिंग आणि गुळाचा लहानसा खडा घातला की वरण तयार झाले. मीठ आधी कमी घालावे व चव पाहून वाढवावे. घातलेले मीठ परत काढता येत नाही.

दुसरा पदार्थ पोहे. २ वाट्या जाड पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटे निथळत ठेवावेत. पाण्यात बुडवून ठेवू नयेत. भात भिजवून, भाजून, मग कांडून पोहे केलेले असतात. म्हणून त्यांना शिजवावयाचे नसते, केवळ मऊ करावयाचे असते. कढईत २ मोठे चमचे तेल तापवून आधी एकच मोहरी टाकून पाहावी. ती तडतडली की तेल तयार झाले असे समजावे. मोहरीच्या दाण्यातील पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, हेच ते तडतडणे. मग अर्धा लहान चमचा मोहरी, दोन हिरव्या मिरच्या, चिरलेला कांदा, आणि कांदा मऊ झाल्यावर पाव चमचा हळद घालावी. मसाल्यांचा बराचसा सुगंध पाण्यापेक्षा तेलात अधिक उतरतो, म्हणून फोडणी तेलाची. तेलातून धूर येऊ लागला तर ते फार तापले असे जाणून आच बंद करावी, नाहीतर हळद करपून कडू होते. शेवटी पोहे, चवीपुरते मीठ व साखर घालून, हलक्या हाताने ढवळून, मंद आचेवर झाकण ठेवावे. इंदूरचे पोहेवाले पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्यावर ठेवून ते वाफेने गरम राखतात. झाकण ठेवण्यामागे तत्त्व तेच. वर शेव आणि जीरावन घातले की मराठी घरातील पोह्यांना माळव्याची चव येते.

तिसरा पदार्थ पोळी. आणि खरी परीक्षा हीच. २ वाट्या कणकेत पाव चमचा मीठ घालावे व सुमारे पाऊण वाटी पाणी थोडेथोडे ओतीत ती भिजवावी. माळव्यातील कठीण दाण्याच्या गव्हाची कणीक पाणी अधिक पिते, म्हणून गोळा घट्ट वाटल्यास ओल्या हाताने पुन्हा मळावा. कणीक मळताना गव्हातील चिकट द्रव्याचे ताणले जाणारे धागे बनतात. लगेच लाटू गेल्यास पोळी आखडते. वीस मिनिटे गोळा झाकून ठेवला तर ते धागे सैलावतात व पोळी सहज पसरते. तवा चांगला तापलेला असावा. तो थंड असेल तर पोळी हळूहळू वाळते आणि कडक होते. गरम असेल तर आतल्या पाण्याची झटकन वाफ होऊन ती फुगते. पहिल्या दिवशी पोळी गोल झाली नाही म्हणून लाजण्याचे कारण नाही. जाडी सगळीकडे सारखी झाली की पोळी कच्ची राहत नाही, आणि गोलाई मागाहून येते.

स्वयंपाकघरात काही नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावेत. सैल ओढणी किंवा लांब बाह्या घालून आचेपाशी जाऊ नये. कुकरच्या शिट्टीचे छिद्र मोकळे आहे की नाही ते रोज पाहावे, आणि दाब उतरल्यावाचून झाकण उघडू नये. कढईतील तेलाने पेट घेतल्यास त्यावर पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करून घट्ट झाकण घालावे. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा दातांची पेस्ट लावू नये. मोठी जखम असेल तर डॉक्टरांकडे जावे. उरलेला भात उन्हाळ्यात दिवसभर बाहेर ठेवू नये; त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही.

शिकण्याची रीतही सांगितली पाहिजे. एक लहानशी वही करावी. आज किती पाणी घातले, किती शिट्ट्या झाल्या, भात कसा झाला, ते तीत लिहावे. बिघडल्यास दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलावी. एकदम चार बदलल्या तर चूक कशात होती हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. महिन्याभराने वहीकडे पाहण्याची गरज कमी होऊ लागेल, आणि कोणी ‘पाणी किती?’ म्हणून विचारले तर आपल्याही तोंडून ‘अंदाजाने’ हाच शब्द येईल. त्या वेळी विचारणाऱ्याच्या हाती आपली वही द्यावी.

हे काम शाळेच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे असे कोणास वाटेल. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमने हाताच्या कामालाच शिक्षणाचे माध्यम मानले, आणि सेवाग्राममध्ये मुले-मुली मिळून स्वयंपाकही करीत. तेथे अन्न शिजविणे हा गणित, विज्ञान आणि आरोग्य यांचा धडा होता. त्याहून मोठा धडा असा, की आपल्या ताटात येणाऱ्या अन्नामागे कोणाचे तरी श्रम असतात. ज्याने एकदा उन्हाळ्याच्या दुपारी दहा पोळ्या लाटल्या आहेत, तो ताटात अन्न टाकीत नाही आणि ‘आज भाजी अळणी आहे’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबतो.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत एका रविवारचे वरण-भात आपण करावे, अशी आमची सूचना आहे. भात थोडा मऊ होईल, वरणात मीठ कमी पडेल, चालेल. त्या दिवशी आईला पहिल्या पंगतीला बसवून गरम पोटभर वाढता आले, तर ओनामा उत्तम झाला असे समजावे.