समुद्राच्या उंबरठ्यावरील शिल्ला

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हें आमच्या वाचकांनीं शाळेंत पाहिलेंच असेल. त्या बुटाच्या अगदीं चवड्यापाशीं, सिसिली बेटासमोर, शिल्ला नांवाचें कोळ्यांचें एक प्राचीन गांव आहे. गेल्या उन्हाळ्यांत तेथें सहकुटुंब दोन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला.

समुद्रांत शिरलेल्या खडकावर रुफ्फो घराण्याचा जुना किल्ला उभा आहे. त्याच्या एका अंगास मरीना ग्रांदे ही विस्तीर्ण पुळण, तर दुसऱ्या अंगास किआनालेआ ही कोळीवस्ती. येथें घरांच्या पायाशीं लाटा आपटतात, आणि मधली गल्ली एवढी अरुंद कीं समोरासमोरच्या खिडक्यांतून बायकांनीं सहज बोलावें!

ग्रीक महाकवि होमर याच्या ‘ओडिसी’ काव्यांतील सहा मस्तकांची राक्षसी याच खडकांत राहत असे, अशी समजूत आहे. तिच्यासमोर जहाजें गिळणारा भोंवरा. राक्षसी कल्पित असली तरी भोंवरे खरे आहेत. सामुद्रधुनीच्या एका तोंडाशीं भरती असते तेव्हां दुसऱ्या तोंडाशीं ओहोटी. त्यामुळें सुमारें ३ किलोमीटर रुंदीच्या त्या वाटेंतून पाणी दर सहा तासांनीं दिशा पालटून धांवतें.

उन्हाळ्यांत याच वाटेनें तलवारमासा येतो. त्याच्या मागावर जाणाऱ्या मोजक्या नावांना २० मीटरांहून उंच लोखंडी डोलकाठी असते. तिच्या टोंकावरून टेहळणी करावयाची, आणि नाळेपुढें लांबवर काढलेल्या अरुंद पुलावर भालेकऱ्यानें उभें राहावयाचें. मासा हातीं लागल्यावर त्याच्या कल्ल्यापाशीं नखांनीं फुलीसारख्या रेघा ओढतात. ती त्या प्राण्यास दिलेली मानवंदना होय, असें सांगतात. आम्ही शाकाहारी, तथापि ज्यावर पोट भरतें त्याचा मान राखण्याची ती रीत आम्हांस परकी वाटली नाहीं.

पुळणीवर बसलों असतां आम्हीं मुलांस १७८३ सालची हकीकत सांगितली. ५ फेब्रुवारीस कालाब्रिआ प्रांतांत मोठा भूकंप झाला. घरें अंगावर पडतील या भीतीनें गांवकरी याच पुळणीवर व होड्यांत आश्रयास आले. गांवचा वृद्ध सरदारही त्यांच्यांत होता. मध्यरात्र उलटल्यावर पुन्हां धक्का बसला, शेजारच्या डोंगराची कड समुद्रांत कोसळली, आणि त्यामुळें उसळलेल्या लाटेनें सुमारें १,५०० माणसें नेलीं.

“मग त्यांनीं जावयाचें तरी कोठें?” धाकट्या कन्येनें विचारलें. आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. ते लोक मूर्ख नव्हते. जेवढें ठाऊक होतें तेवढ्यांत ते शहाणपणानेंच वागले होते. धक्का थांबतांच किनारा सोडावा, आणि कोसळत्या कड्यांपासून दूर, उंच व मोकळ्या जागीं जावें, एवढें त्यांस सांगणारें कोणी नव्हतें. आज तें प्रत्येकास ठाऊक असावयास हवें.

सायंकाळीं परत निघतांना तिनें वर जाणारी वाट आपण होऊन शोधून काढली आणि पायऱ्या मोजीत ती पुढें चालूं लागली. समुद्रकांठीं सुटी घालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें पहिल्याच दिवशीं एवढें करावें, असें आम्हांस वाटतें.