चाळीस मुलं आणि एक चेंडू

ऊन शिक्षकाच्या तोंडावर, मुलांच्या पाठीवर. शारीरिक शिक्षण महाविद्यालयात सराव पाठ सुरू होण्याआधी छात्राध्यापकाला जे पढवलं जातं, त्यात हे अगदी सुरुवातीचं. मुलं सूर्याकडे तोंड करून उभी राहिली की डोळे मिचकावतात, प्रात्यक्षिक दिसत नाही, आणि दिसलं नाही की शेजाऱ्याच्या खोड्या सुरू होतात. वाऱ्याचंही तसंच. वारा शिक्षकाकडून मुलांकडे वाहत असेल तर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, उलटा असेल तर पहिल्या दहा मिनिटांत घसा बसतो. पाठ टाचणाच्या वहीत हे लिहायला रकाना नसतो. पण निरीक्षक प्राध्यापक मैदानाच्या कडेला उभे असतात ते आधी हेच बघतात.

पीटीचे सर म्हणजे गळ्यात शिट्टी आणि हातात व्हॉलीबॉल, अशी आपली समजूत. ज्याला खेळता येतं त्याला शिकवता येतंच, हे तिच्यात गृहीत असतं. माझ्या मते ही दोन कामं वेगळी आहेत. एवढंच नव्हे, तर पहिलं उत्तम येणं दुसऱ्याच्या आड येतं. बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेणारी मुलंमुली बहुतेक खेळाडूच असतात. राज्याच्या सीईटीत लेखी परीक्षेच्या जोडीला मैदानी चाचणी असते, त्यामुळे ज्यांचं शरीर लहानपणापासून ऐकत आलंय तेच पुढे येतात. ज्याला सातव्या वर्षी कोलांटी आपसूक आली, त्याला ती कशी येते हे सांगता येत नाही. हनुवटी छातीला टेकवायची, तळहात खांद्यांइतक्या अंतरावर टेकायचे, डोक्याचा माथा नव्हे तर मानेमागचा भाग आधी जमिनीला लागू द्यायचा, हे सगळं त्याला स्वतःच्या अंगातून उकलून काढावं लागतं. दोन वर्षांचा खरा अभ्यास तो हा.

आपल्याकडे या अभ्यासाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीतल्या शाळांत कवायत घ्यायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार असे. हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसाने १९२० साली मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, ती मोजक्या विद्यार्थ्यांवर. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचे व्यवस्थापकही हेच बक. त्याच्याही आधी, १९१४ साली, अमरावतीत वैद्य बंधूंनी आखाडा काढला होता, आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. सुट्टीत शाळामास्तरांना बोलावून लाठी, लेझीम, मल्लखांब शिकवून परत पाठवायचं, हा मंडळाचा उद्योग. १९३६ साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. बडोद्याच्या व्यायामगुरू माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि पुढे मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणातही लक्ष घातलं. १९३८ साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, आणि त्याचं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७चं. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाने १९५७ साली तीन वर्षांची पदवीच सुरू केली.

आखाडा आणि शाळा यांत एक मोठा फरक, आणि या सगळ्या संस्थांना त्यावर कधी ना कधी वाट काढावी लागली. आखाड्यात येणारा पोरगा आपल्या पायांनी येतो, वस्तादाला मनातून मानून येतो. शाळेतली मुलं घंटा झाली म्हणून येतात. त्यांत दमा असलेला असतो, चष्मा फुटेल म्हणून धास्तावलेला असतो, स्कर्टवर धावायचं कसं या विचारात असलेली असते. वस्तादाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणता येतं. शिक्षकाला नाही.

म्हणून मग शिकवण्याची कला सुरू होते ती आज्ञेपासून. कवायतीच्या आज्ञेचे दोन भाग असतात. ‘डावीकडे’ हा सूचनेचा, लांबवलेला. मग अर्ध्या श्वासाची फट. आणि ‘वळ’ हा कृतीचा, तुटक. नवशिका दोन्ही एका दमात म्हणून टाकतो आणि रांगेत कोणी आधी, कोणी मागून, कोणी उजवीकडे वळतो. हसू येतं, पण चूक मुलांची नसते, फट न ठेवणाऱ्याची असते. प्रात्यक्षिकाचीही अशीच गंमत. मुलांसमोर तोंड करून उभं राहिलं की ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा उचलावा लागतो, आरशातल्यासारखा. तोंडाने एक आणि हाताने दुसरं, तेही आठ अंकांच्या तालात. पहिला आठवडा भल्याभल्या राष्ट्रीय खेळाडूंची त्रेधा उडते.

मैदान आखणं हा माझ्या सर्वांत आवडीचा भाग. त्यात चक्क भूमिती आहे आणि ती फक्कीने जमिनीवर काढायची असते. शाळेच्या जागेत चारशे मीटरची धावपट्टी क्वचितच मावते, म्हणून दोनशेची. सरळ बाजू चाळीस-चाळीस मीटर धरल्या की दोन अर्धवर्तुळांना मिळून १२० मीटर उरतात. त्यावरून धावण्याच्या रेषेची त्रिज्या १९.१० मीटर येते. पण धावणारा काही रेघेवरून धावत नाही. आतली कड नुसती फक्कीची असेल तर तो तिच्यापासून २० सेंटिमीटर बाहेर धावतो असं धरतात, म्हणून दोरी १८.९० मीटरवर धरून वर्तुळ फिरवायचं. पुढची गोष्ट वर्गात सांगितली तर विश्वास बसत नाही: लेन १.२२ मीटर रुंद असेल, तर पूर्ण एका फेरीत प्रत्येक बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा ७.६७ मीटर लांब पडते, मग मैदान दोनशेचं असो की चारशेचं. त्रिज्या त्या हिशेबातून गळूनच जाते. म्हणून बाहेरच्या लेनवाल्याला तेवढं पुढून सोडायचं. हे गणित कळलेला शिक्षक गावच्या क्रीडास्पर्धेत निदान भांडणं तरी टाळतो.

पण सगळ्यात अवघड गणित चेंडूचं. एका तुकडीत चाळीस मुलं, चेंडू एक, तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, उत्तेजक व्यायाम आणि शेवटचं शिथिलीकरण वजा जाता हातात पंधराएक मिनिटं. सगळ्यांना एका रांगेत उभं करून प्रत्येकाला वीस सेकंद दिले, तर रांग संपायला तेरा मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येकाला एक डाव, बाकी वेळ उभं राहणं. तीच मुलं आठ-आठच्या पाच गटांत विभागली, एका गटाला चेंडू, बाकीच्यांना दोऱ्या, रबरी रिंग, जुने टायर दिले आणि गट फिरते ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच वेळा काही ना काही करणं येतं. गट पाडायचे तेही दोन कप्तान नेमून नाही, कारण त्यात शेवटी कोण उरतो हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ अशी गिनती म्हणायला लावायची.

‘बाद’ होण्याच्या खेळांबद्दल तर माझं मत अगदी कडक आहे. ज्या मुलाला धावण्याचा सराव सर्वांत जास्त हवा, तोच आधी बाद होतो आणि कडेला बसून इतरांचा सराव बघतो. चांगला छात्राध्यापक नियम वाकवतो: बाद झालेल्याने पाच उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. पाठ निरीक्षणात असं काही दिसलं की मला त्याच्या शिट्टीचे दोन जादा गुणही द्यावेसे वाटतात.

शालेय विषयाचं नाव ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असं आहे, आणि त्यातलं आरोग्य बिचारं नेहमी मागे राहतं. शरीररचना, आहार, प्रथमोपचार, व्यसनं हे छात्राध्यापक परीक्षेपुरतं लिहितात. मात्र सातवीतली मुलगी ‘सर, आज मी बसते’ म्हणते तेव्हा पुढे काय करायचं, याचा सराव पाठ होत नाही. तिला कारण न विचारता सोपं काम देणं, आणि महिन्यातले ठरावीक दिवस खेळ वर्ज्यच असतात हा समज हळूहळू काढून टाकणं, ही कौशल्याची कामं आहेत. उन्हाने भोवळ आलेल्या मुलाभोवतीची गर्दी हटवून त्याला सावलीत नेणं, अंग ओल्या फडक्याने पुसणं, तेवढ्यात उरलेल्या एकोणचाळीस मुलांना बसवून ठेवणं, हेही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.पी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं केलं. आंतरवासितेला सवड मिळाली, हा निर्णय मला योग्यच वाटतो. पण पदवी हातात आली की पुढचा रस्ता अरुंद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरावर पट असेल तर, कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना निदेशक सांगितले आहेत, तेही अर्धवेळ. ज्याला पूर्णवेळ जागा मिळते त्याच्या अंगावर रजेवरच्या शिक्षकांचे तास, शिस्त, मिरवणुकीचा बंदोबस्त आणि संमेलनाचा मंडप येऊन पडतो. मैदानाचा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो मागून घेतात.

म्हणून बरेच जण तालुक्याच्या गावी पोलीस आणि सैन्य भरतीची अकादमी काढतात. पहाटे पाचला सोळाशे मीटरची तयारी, गोळाफेक, महिन्याची फी. कमाई बरी होते आणि शिकवण्यातला कस तिथेही लागतो. फरक इतकाच, की तिथे येणारा प्रत्येक जण धावायला उत्सुक असतो. जो मागे पडतो तो काही दिवसांनी येईनासा होतो, आणि त्याच्या जागी दुसरा फी भरतो.