सुर्जी-अंजनगावचा तह आणि मधल्या फळीचं शिक्षण

30 डिसेंबर 1803 ला आमच्या गावात दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. शाळेत आपण ही तारीख पाठ करतो आणि पुढे जातो. पण संशोधनाचा प्रश्न कसा घडवायचा हे शिकायला हा तह फार कामाचा आहे.

शिंद्यांच्या कवायती पलटणींचे बहुतेक अधिकारी युरोपीय होते. युद्ध सुरू होताच कंपनीने त्यातल्या इंग्रजांना नोकरी सोडायला सांगितलं, आणि अनेकांनी ती सोडली. उत्तरेतला सेनापती पेराँसुद्धा सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मग लिहून टाकायचं का, ‘अधिकारी भाड्याचे, म्हणून पराभव’?

थांबा. असईला याच पलटणींनी आणि तोफखान्याने वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मारली वा जखमी केली. म्हणजे कारण एवढं सोपं नाही. प्रश्न बारीक करा: वरचा माणूस नसताना खालचा स्वतः निर्णय घेऊ शकतो का? आणि तसा अधिकारी शिकवून घडवता येतो का?

आज हे काम तमिळनाडूतलं वेलिंग्टनचं डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज करतं. तिन्ही दलांतले मेजर आणि त्या दर्जाचे अधिकारी तिथे जवळपास वर्षभर एकत्र शिकतात. तोफ कशी डागायची हे प्रशिक्षण. आत्ता डागावी का, हे ठरवता येणं म्हणजे शिक्षण. शिकवणाऱ्यांच्या ठरलेल्या उत्तराशी जुळणाऱ्यालाच गुण मिळाले, तर दुसरी गोष्ट मागे पडते.

आता मोजायचं कसं? ‘तिथे शिकलेले पुढे मोठ्या पदावर जातात’ हा पुरावा चालणार नाही. भूदलातले अधिकारी स्पर्धा परीक्षेतून निवडूनच तिथे जातात. ते आधीच हुशार असतात. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

त्यापेक्षा असं करता येईल. सारख्या अवघडपणाचे दोन युद्धप्रसंग घ्या. निम्म्यांना पहिला सुरुवातीला आणि दुसरा शेवटी द्या, बाकीच्यांना उलट. तपासणाऱ्याला कोणतं उत्तर केव्हाचं हे कळू देऊ नका. गुण फक्त निर्णयाला नकोत. कारणं काय दिली, माहिती बदलल्यावर निर्णय बदलला का, यालाही हवेत.

यातही एक भोक आहे: वर्षभरात माणूस अनुभवानेही सुधारतो. म्हणून कोर्सला न गेलेल्या, पण परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या अधिकाऱ्यांचा गट तुलनेला घ्यावा लागेल.

तुमचा विषय कापूस असो की कॅन्सर, सिनॉप्सिस लिहिण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारा: माझा कोर्स नसता, तरी हे झालंच असतं का?